इंटरव्ह्यू झाला, "आठ दिवसात कळवतो" म्हणाले, आज १६ दिवस झाले. फोन करू का नको?

सातवी_गल्ली
नमस्कार मंडळी. आजपर्यंत नुसतं वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबेल.

मेकॅनिकल झालंय, शिरोलीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये दोन वर्षं क्वालिटीला आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनीअरसाठी इंटरव्ह्यू देऊन आलो. आधी एचआर, मग क्वालिटी हेड आणि प्लँट हेड दोघं मिळून पन्नासेक मिनिटं. चांगला झाला असं वाटतंय, एकाच प्रश्नाला अडकलो. निघताना एचआर सर म्हणाले "आठ दिवसात कळवतो". आज १६ दिवस झाले, ना फोन ना मेल.

घरात रोज जेवताना हाच विषय. बाबा म्हणतात आपण होऊन विचारलं की आपली किंमत कमी होते, त्यांना गरज असेल तर करतील. मामा म्हणतोय त्या कंपनीत आपला माणूस आहे, शब्द टाकतो. मला ते नको वाटतंय. आणि मध्येच चाकणच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं, शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. आज मंगळवार. पगार तिकडं ४ हजारानं जास्त आहे पण रूम, मेस धरली तर हातात काही उरत नाही, आणि आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून मला इथंच राहायचंय. कागलला घरातनं जाऊन येऊन करता येतं.

फोन करू का? केला तर काय बोलू? मला खरंच कळेना झालंय.

गावठी_इंजिनीअर
करू नको भावा. स्पष्ट सांगतो. मी मागच्या वर्षी एका ठिकाणी तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा तिथली बाई म्हणाली "अहो सारखं काय करताय, झालं तर सांगू की". इतकं लागलं ते. ज्यांना घ्यायचं असतं ते दुसऱ्या दिवशी फोन करतात. बाबा बरोबर सांगतायत.

कोथरूडचा_पाहुणा
दादा, फोन नको, आधी मेल करा. मेल लेखी राहतो आणि समोरच्याला त्याच्या वेळेत वाचता येतो. इंटरव्ह्यू झाला त्या दिवशी थँक्यू मेल केला होतात का?

सातवी_गल्ली
नाही केला. तसला मेल करायचा असतो हेच माहीत नव्हतं, कॉलेजात कुणी सांगितलं नाही.
आणि मी मुलगी आहे 🙂 कोल्हापुरात आम्ही पण "गेलो, आलो"च म्हणतो.

कोथरूडचा_पाहुणा
माफ करा ताई, लक्षात नाही आलं.

पंचगंगाकाठ
मी एका फाउंड्रीत १४ वर्षं एचआर बघतो. मी पण बाई आहे आणि मी पण "बघतो"च म्हणतो, आधीच सांगून ठेवतो.

पोरी, आतल्या बाजूला काय चालतं ते सांगतो म्हणजे "मला नाकारलं" हे डोक्यातनं जाईल. इंटरव्ह्यू झाला की दोन-तीन नावं शॉर्टलिस्ट होतात. पहिल्या माणसाचा पगार ठरवायला फाईल प्लँट हेडकडं जाते, तिथनं मालकांकडं किंवा हेड ऑफिसला. मालक बाहेर असले की फाईल टेबलावर. सही झाली की पहिल्याला फोन जातो, तो म्हणतो माझा नोटीस पिरियड ६० दिवस, तेवढे दिवस थांबणार का? मग आम्ही विचारात. पहिला नक्की होईपर्यंत दुसऱ्याला ना हो म्हणता येत ना नाही. नाही म्हणावं आणि पहिला आलाच नाही तर? म्हणून दुसरा लटकत राहतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण होतं हे असंच.

दुसरं, तारीख बघ. महिन्याच्या १ ते ७ आमचा जीव पगारात अडकलेला असतो, त्यानंतर १५ तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआयसी भरायचं असतं. त्या दिवसांत आलेला मेल वाचला जातो आणि राहून जातो. सकाळी नऊ-दहाला फोन केलास तर प्रॉडक्शन मीटिंग चालू असते, एक ते दोन जेवण. अकरा ते साडेबारा, नाहीतर तीननंतर कर. आणि कंपनीची साप्ताहिक सुट्टी कधी ते विचारून घे, आमच्याकडं सोमवारी असते, बाहेरची पोरं सोमवारी फोन करून करून दमतात आणि वाटून घेतात की मुद्दाम उचलत नाहीत.

आणि गावठी_इंजिनीअर, तुमच्याशी त्या बाई तशा बोलल्या ते चुकलंच त्यांचं. पण तीन फोन किती दिवसांत केले होते?

गावठी_इंजिनीअर
चार दिवसांत. आता आकडा लिहिल्यावर मलाच जास्त वाटायला लागलेत. पण मॅडम, घरात बसलेल्या माणसाला चार दिवस म्हणजे महिना वाटतो हो.

पंचगंगाकाठ
ते मान्य आहे. म्हणूनच सांगतो, मोजमाप ठरवून ठेवावं. त्यांनी दिलेली मुदत संपली की वर दोन दिवस जाऊ द्यायचे, मग एक मेल. मेलला चार-पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर एक फोन. त्या फोनवर पुढची तारीख मागून घ्यायची आणि त्या तारखेपर्यंत गप्प. मुदत दिलीच नसेल तर आठवडाभरानं पहिला मेल. दुसऱ्यांदा विचारूनही काही कळलं नाही तर ती जागा मनातनं काढायची आणि पुढं अर्ज करायला लागायचं. खरं तर पुढचे अर्ज पहिल्या दिवसापासनंच चालू पाहिजेत.

तुझं वेगळं आहे, तुझ्या हातात शुक्रवारची तारीख आहे. तू आजच मेल कर आणि उद्या अकराला फोन कर. दुसरी ऑफर असताना लवकर विचारणं कुणालाच खटकत नाही, उलट आम्हाला फाईल पुढं ढकलायला कारण मिळतं.

जुना_फाउंड्रीवाला
क्वालिटीत ३१ वर्षं काढून रिटायर झालो. बाळ, तू म्हणालीस एका प्रश्नाला अडकलो. कुठला प्रश्न होता?

सातवी_गल्ली
काका, त्यांनी विचारलं एका गेजचा (मोजायच्या साधनाचा) गेज आर अँड आर, म्हणजे मोजमापातला किती फरक गेज आणि मोजणाऱ्यामुळं येतो ते, २२ टक्के आला तर काय करशील. मी सरळ म्हणालो गेज रिजेक्ट. त्यावर क्वालिटी हेड नुसतं "हं" म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाला गेले. तेव्हापासनं ते "हं" कानात बसलंय.

जुना_फाउंड्रीवाला
मग तुझ्या मेलात काय लिहायचं ते सापडलं की.

१० टक्क्यांच्या आत असेल तर चांगला, ३० च्या वर असेल तर वापरायचा नाही, आणि १० ते ३० च्या मध्ये आला तर परिस्थिती बघून ठरवायचं. कुठलं डायमेन्शन मोजतोय, ते क्रिटिकल आहे का, कस्टमरला चालतंय का, नवीन गेजचा खर्च किती. त्याबरोबर एनडीसी बघायचा, म्हणजे गेज पार्टमधले किती वेगवेगळे गट ओळखू शकतो तो आकडा, तो ५ किंवा त्याच्या वर पाहिजे. आणि रिजेक्ट म्हणायच्या आधी चूक गेजची का ऑपरेटरची ते वेगळं काढायचं. तीन ऑपरेटर वेगवेगळ्या जागी धरून मोजत असतील तर गेज बदलून काय उपयोग, मोजायची पद्धत शिकवली पाहिजे, फिक्श्चर दिलं पाहिजे. आमच्याकडं एकदा बोअर गेज बदलायचा म्हणून परचेसला कागद गेला होता आणि शेवटी निघालं काय, तर दुसऱ्या शिफ्टचा पोरगा गरम कास्टिंगच मोजत होता.

तर मेलात हे दोन-तीन ओळीत लिही. "त्या दिवशी मी घाईनं रिजेक्ट म्हणालो, घरी येऊन परत वाचलं, आता मी असं करेन." मी शेकड्यानं इंटरव्ह्यू घेतलेत. चुकलेला प्रश्न घरी जाऊन शोधून काढणारा माणूस मला क्वालिटीत हवाच असायचा. कारण शॉपवर रोज तेच काम आहे, कालची चूक आज कबूल करायची आणि कारण शोधायचं. नुसतं "माझ्या अर्जाचं काय झालं" विचारणाऱ्या मेलपेक्षा हा मेल वेगळा दिसतो.

सातवी_गल्ली
काका 🙏 हे मी वाचलं होतं पण तिथं सुचलंच नाही. पण १६ दिवसांनी असं लिहिलं तर उशीर नाही का वाटणार?

जुना_फाउंड्रीवाला
दुसऱ्या दिवशी लिहिलं असतंस तर जास्त बरं झालं असतं. पण खरं आहे ते कधीही लिही. फक्त लांबण लावू नकोस, पंधरा ओळींचा निबंध कुणी वाचत नाही.

दोन_पोरींचा_बाप
मी वडील म्हणून विचारतो, आई-वडिलांनी फोन केला तर चालतो का? माझी मोठी फार बुजरी आहे. मागं मी तिच्यासाठी एका ठिकाणी फोन केला होता.

पंचगंगाकाठ
दादा, मनापासनं सांगतो, नका करू. काळजी आम्हाला कळते, पण आम्ही त्याच क्षणी विचार करतो की उद्या ही सप्लायरशी, कस्टमर ऑडिटरशी कशी बोलणार. तिच्याकडनं घरी दोन वेळा बोलून घ्या, तुम्ही एचआर व्हा, ती विचारू दे. तिसऱ्या वेळेला ती स्वतः नंबर लावेल.

मामाच्या ओळखीचंही तेच. अर्जाच्या वेळी आतल्या माणसानं नाव सुचवणं वेगळं, कंपन्या स्वतः रेफरन्स मागतात. पण इंटरव्ह्यू होऊन गेल्यावर नगरसेवकाचा, अमक्या साहेबांचा फोन आला की इंटरव्ह्यू घेणारा माणूस आखडतो. चांगली निघालेली पोरगी मग "वशिल्याची" म्हणून शॉपवर ओळखली जाते, आणि ते पुसायला तिला दोन वर्षं लागतात. तुला नको वाटतंय ना, मग मामाला आजच नको म्हणून सांग.

बावडेकर
माझा किस्सा सांगतो, गप्प बसल्यानं काय होतं त्याचा. २०१९ च्या ऑगस्टला महापूर आला तेव्हा माझा इंटरव्ह्यू होऊन तीनच दिवस झाले होते. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुणे-बंगळूर रस्ता कितीतरी दिवस बंद, आमच्याच घरात पाणी, आम्ही शाळेत राहायला. पाणी उतरलं, चिखल काढण्यात महिना गेला. मी समजत होतो त्यांना नको असेन म्हणून फोन आला नाही. ऑक्टोबरात एक जण भेटला तिथला, तो म्हणाला अरे तुझी वाट बघून दुसऱ्याला घेतलं, तुझा फोनच लागत नव्हता. माझा मोबाईल पुरात गेला होता, नंबर बदलला होता आणि मी त्यांना कळवलाच नव्हता. एक मेल टाकला असता तर काम झालं असतं. अजून हळहळ वाटते.

तेव्हा ताई, नंबर, मेल सगळं नीट दिलंय का आधी बघ. आणि स्पॅम फोल्डर उघड. माझ्या चुलतभावाचं टेस्टचं बोलावणं स्पॅममध्ये पडून होतं.

सातवी_गल्ली
आत्ता बघितलं, स्पॅममध्ये नाही काही. नंबर पण बरोबर दिलाय.

कागदपत्रं_नीट
थोडं वेगळं पण कुणाच्या तरी कामाला येईल. हे सगळं प्रायव्हेट कंपनीचं झालं. सरकारी किंवा निमसरकारी ठिकाणी कंत्राटी पदाचा इंटरव्ह्यू दिला असेल आणि महिनोन् महिने निकाल नसेल तर तिथं नुसतं विनवणी करत बसायचं कारण नाही. माहिती अधिकार कायदा २००५ आहे. १० रुपये फी, अर्ज करायचा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. स्वतःला किती गुण पडले, निवड यादीची सद्यस्थिती काय, एवढं मागायचं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो, म्हणून फाफटपसारा नको. मी स्वतः मागितले होते गुण, मिळाले. प्रायव्हेट कंपनीला हा कायदा लावता येत नाही, तिथं मेल आणि फोनच.

राजाराम_तळं
आणि एक, कुणी "कन्सल्टन्सी"वाला फोन करून म्हणाला की तुमचं सिलेक्शन झालंय, फाईल चार्ज भरा, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा, तर एक रुपया देऊ नका. माझ्या मित्राचे साडेसहा हजार गेले. तो पण असाच वाट बघून कंटाळलेला होता, म्हणून लगेच विश्वास बसला त्याचा. गेलेच पैसे तर उशीर न करता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, फोन लावा.

सातवी_गल्ली
मेल लिहिलाय. इंग्लिशमध्ये पाठवणार पण इथं मराठीत टाकतो, बघा जरा:

"आदरणीय सर, दिनांक अमुक रोजी क्वालिटी इंजिनीअर पदासाठी आपण मुलाखत घेतलीत त्याबद्दल आभारी आहे. मला आपल्या कंपनीत काम करण्याची मनापासून तीव्र इच्छा असून मी अत्यंत प्रामाणिक व मेहनती आहे. माझ्या घरची परिस्थिती लक्षात घेऊन कृपया मला संधी द्यावी ही नम्र विनंती. मला दुसरीकडून जास्त पगाराची ऑफर आहे. तरी लवकर कळवावे."

जुना_फाउंड्रीवाला
बाळ, घरची परिस्थिती काढ. खरी असली तरी तिथं नको, तू काम मागतेयस, मदत मागत नाहीस. आणि "जास्त पगाराची" हे पण काढ, ते दाब टाकल्यासारखं होतं. प्रामाणिक, मेहनती हे सगळेच लिहितात.

पंचगंगाकाठ
काकांशी सहमत. असं कर:

विषयाच्या ओळीत तुझं नाव, पद आणि इंटरव्ह्यूची तारीख. आमच्याकडं एका वेळी पाच-सहा पदं चालू असतात, नुसतं "फॉलोअप" लिहिलं तर कोण हे शोधावं लागतं.

मग मजकूर: "सर, अमुक तारखेला क्वालिटी इंजिनीअर पदासाठी मी आपल्याला भेटले होते. वेळ दिल्याबद्दल आभार. गेज आर अँड आर २२ टक्के या प्रश्नावर मी घाईनं रिजेक्ट म्हणाले होते. १० ते ३० टक्क्यांमध्ये आधी कॅरेक्टरिस्टिक किती क्रिटिकल आहे आणि एनडीसी किती आहे ते बघून, चूक गेजची की मोजण्याच्या पद्धतीची हे वेगळं करून मग निर्णय घ्यायला हवा होता. मला या पदावर काम करायचं आहे. दुसऱ्या एका कंपनीला मला येत्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, म्हणून आपल्या निर्णयाची स्थिती गुरुवारपर्यंत कळली तर बरं होईल. आज सकाळी अकराच्या सुमारास फोन करते." खाली नाव, मोबाईल.

बास. एचआरना पाठव, क्वालिटी हेडचा मेल असेल तर त्यांना सीसीमध्ये ठेव. रात्री बाराला पाठवू नको, सकाळी साडेनऊला जाईल असं शेड्यूल कर. फोन उचलला की आधी नाव, पद, तारीख सांग, मग विचार "दोन मिनिटं बोलू शकता का". आणि फोन ठेवायच्या आधी एकच गोष्ट मिळवायची, पुढची तारीख. "बघतो" म्हणाले तर नम्रपणे म्हण "सर, मग मी गुरुवारी तीनला परत करू का?" अंगावर जाऊन विचारण्यासारखं काही नाही यात.

गावठी_इंजिनीअर
हा मेल वाचून मला पण माझं चुकलेलं कळालं. मी तिन्ही वेळा फक्त "झालं का?" एवढंच विचारत होतो.

कोथरूडचा_पाहुणा
ताई, एक काळजी घ्या. फोनवर "तुमचं झालंय, या" असं म्हणाले तरी चाकणला नाही म्हणू नका आणि शिरोलीतली नोकरी सोडू नका. लेखी ऑफर मेलवर येऊ दे, पद, पगार, जॉइनिंगची तारीख बघा, त्यावर तुम्ही लेखी हो म्हणा, मगच. १८७२ च्या करार कायद्यानुसार तुमचा होकार जायच्या आधी समोरचा आपला प्रस्ताव मागे घेऊ शकतो. नुसत्या तोंडी बोलण्यावर राजीनामा दिलेले दोन जण मी बघितलेत. आणि चाकणवाल्यांकडंही दोन-तीन दिवस वाढवून मागा, मागितल्यानं ऑफर जात नाही सहसा, फक्त तारीख नक्की सांगून मागा.

सातवी_गल्ली
मामाला नको म्हणून सांगितलं. थोडा रागावलाय. मेल शेड्यूल केला. चाकणला पण मेल टाकला, सोमवारपर्यंत मुदत मागितली.

सातवी_गल्ली
बुधवार, अपडेट. ११.१० ला फोन केला, हात थरथरत होते, पंचगंगाकाठ मॅडमनी सांगितलेलं कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. एचआर सरांनी ओळखलं, म्हणाले मेल बघितला, क्वालिटी हेडनी पण बघितला. खरं सांगितलं त्यांनी. पहिली निवड दुसऱ्या एकाची झालीय, त्याला ऑफर गेलीय, त्याचं उत्तर यायचंय. मी दुसऱ्या नंबरवर आहे. मी विचारलं सर उत्तर कधीपर्यंत येईल, तर म्हणाले शनिवार. "तुमची शुक्रवारची तारीख मी लिहून घेतलीय, पण मी खोटी आशा दाखवत नाही" असं म्हणाले.

फोन ठेवल्यावर रडलो थोडं. पण १६ दिवसांत पहिल्यांदा नीट झोपणार आज.

जुना_फाउंड्रीवाला
माणूस चांगला आहे तो एचआर. खरं सांगितलं.

सातवी_गल्ली
शनिवार. चाकणनं सोमवारपर्यंत मुदत दिली होती. आज साडेबाराला कागलवरनं फोन आला, पहिल्या मुलानं हो म्हटलंय, एक तारखेला जॉइन होतोय. म्हणजे माझं नाही झालं. क्वालिटी हेड स्वतः बोलले दोन मिनिटं, म्हणाले सहा महिन्यात दुसरी लाईन चालू होतेय, तेव्हा आधी तुम्हाला कळवतो, आणि गेजचं उत्तर बरोबर आहे.

बाबांशी बोललो. आईनंच सांगितलं जा म्हणून, मावशी येऊन राहणार आहे दोन महिने. चाकणला हो म्हणून मेल केला. कागलच्या दोघांनाही आभाराचा मेल टाकला आणि नोव्हेंबरात मीच विचारेन असं लिहिलं, तारीख फोनमध्ये लावून ठेवली. सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचे जास्त.

बावडेकर
ताई, चाकणला रूम बघताना एकटी जाऊ नको, माझी बहीण तिथंच आहे, व्यनि (खाजगी मेसेज) कर.

दोन_पोरींचा_बाप
मोठीनं काल स्वतः फोन केला एका ठिकाणी. मी आतल्या खोलीत होतो. उत्तर यायचंय.

पंचगंगाकाठ
हा धागा वाचून मी आज आमची फाईल काढली. मे महिन्यापासनं इंटरव्ह्यू झालेले आणि काहीच न कळवलेले नऊ जण निघाले. नऊ. मेल्टिंगच्या (धातू वितळवायच्या विभागातल्या) दोन जागा कधीच भरून झाल्यात आणि ही पोरं अजून वाट बघत असतील. दुपारी तीनला बसून फोन लावायला घेतले. एक जण म्हणाला "मॅडम बरं झालं सांगितलंत, मी गोकुळ शिरगावला हो म्हणायचं थांबलो होतो." मला पुढं काय बोलावं सुचेना.

सात जणांशी बोलणं झालं. दोघांनी उचलला नाही, त्यांना उद्या अकराला करतो.